रेशमी म्हणजे किती गोड? वाईनची चव एकमेकांना सांगण्याचा इतिहास



विषय ठरवायला आयोजकांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, वाईनची चव लोक एकमेकांना शब्दांत कशी सांगत आले, त्याबद्दल बोलतो. पलीकडे जरा शांतता पसरली. मग हळूच प्रश्न आला, "सर, प्रात्यक्षिक नाही ना?" (हशा) नाही. टेबलावर आहे तो पाण्याचाच तांब्या आहे.

विषय डोक्यात आला तो नाशिकच्या एका बैठकीमुळे. आम्ही आठ-दहा हौशी मंडळी जमलो होतो. एक डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, दोन प्राध्यापक मैत्रिणी आणि एक द्राक्ष बागाईतदार, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. समोर सोव्हिन्यॉन ब्लाँ नावाची पांढरी वाईन होती आणि प्रत्येकाच्या हातात इंग्रजी शब्दांचा एक छापील कागद. वाईनमध्ये काय काय जाणवतं त्याची ती यादी. यादीत पहिलाच शब्द होता गूजबेरी. आता आली का पंचाईत! डॉक्टर म्हणाले, गूजबेरी म्हणजे आवळा, शब्दकोशात तसंच दिलंय. एक मैत्रीण म्हणाली, छे, ती आपली रसभरी, पातळ पापुद्र्याच्या पिशवीत असते ती. प्रत्यक्षात यादी करणाऱ्याच्या मनात या दोन्हींपैकी काहीच नव्हतं. इंग्लंडच्या थंडीत काटेरी झुडपावर येणारं हिरवट, आंबट फळ ते, आणि आमच्यापैकी कुणीही ते चाखलेलं नव्हतं. वीस मिनिटं वाद चालला. आप्पा इतका वेळ गप्प होते. त्यांनी पेला पुन्हा नाकाशी नेला आणि म्हणाले, "अहो, हिरव्या मिरचीचा देठ मोडल्यावर येतो तो वास आहे हा." सगळ्यांची नाकं परत पेल्यात गेली, आणि वाद तिथंच मिटला.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला. आप्पांचा शब्द आठही जणांपर्यंत पोचला आणि छापील शब्द एकाहीपर्यंत पोचला नाही, असं का? लोकांनी हे काम कधी सुरू केलं, कुठे जमलं, कुठे फसलं, ते मी शोधायला लागलो. शोधता शोधता एका मोठ्या फसवणुकीपर्यंत येऊन पोचलो. तिच्याकडे शेवटी वळू.

सुरुवात लंडनपासून करू. तारीख 10 एप्रिल 1663. सॅम्युअल पीप्स हा तिथल्या आरमाराच्या कचेरीतला अधिकारी, रोज डायरी लिहिणारा. त्या दिवशी लोंबार्ड स्ट्रीटवरच्या रॉयल ओक नावाच्या गुत्त्यात मित्रमंडळींबरोबर बसला असताना तो एक फ्रेंच वाईन प्यायला. तिचं नाव त्याने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं, 'हो ब्रायन'. बोर्डोजवळच्या ओ-ब्रियाँ या मळ्याची ती वाईन. चवीबद्दल त्याने एवढंच नोंदवलं की ती चांगली आणि अगदी वेगळी आहे, अशी चव त्याला आजवर कधी भेटली नव्हती. बास. कशी वेगळी, ते नाही. आंबट, तुरट, दाट, पातळ, काही नाही.

तरीही या एका ओळीला वाईनच्या इतिहासात मोठा मान आहे. तोवर वाईन ओळखली जायची ती प्रदेशाच्या किंवा बंदराच्या नावाने. एका विशिष्ट मळ्याचं नाव घेऊन, 'हिची चव इतरांसारखी नाही' असं म्हणणारी ही फार जुनी नोंद. पण गंमत बघा, ही नोंद पीप्सने कुणासाठी केलीच नव्हती. डायरी लघुलिपीत होती आणि छापून लोकांसमोर आली ती 1825 मध्ये. म्हणजे चव नोंदवली गेली, पण जवळपास 160 वर्षं ती कुणाला कळली नाही! याच पीप्सने 1666 च्या लंडनच्या आगीत आपली वाईन आणि पार्मेझान चीज बागेत खड्डा खणून पुरलं होतं. माणसाच्या आवडीनिवडी कळायला तेवढं पुरेसं आहे.

ओ-ब्रियाँचे मालक पाँताक घराण्यातले. त्यांच्या नावाची खानावळ लवकरच लंडनमध्ये सुरू झाली आणि मळ्याचं नाव हळूहळू श्रीमंतांच्या तोंडी बसलं. पण मला तिथं रेंगाळायचं नाही. मला घाई आहे ती एका पत्राकडे जायची.

साल 1819. व्हर्जिनियातल्या माँटिचेलो इथं थॉमस जेफरसन राहतायत. दोनदा अमेरिकेचे अध्यक्ष होऊन गेलेले, वय 76. तरुणपणी पॅरिसमध्ये वकील म्हणून राहिले होते, म्हणजे कोर्टातले वकील नव्हेत, देशाचे प्रतिनिधी. पेशवाईत पुण्याच्या दरबाराचे वकील बाहेरच्या दरबारांत असायचे, त्या अर्थाने. 1787 मध्ये त्यांनी बोर्डोचे मळे स्वतः फिरून पाहिले. तेव्हापासून वाईनचा नाद लागला तो कायमचा. आता म्हातारपणी माल मागवायचा तो पत्राने. पत्र जहाजाने जाणार, पिंपं किंवा बाटल्या जहाजाने येणार. मध्ये कित्येक महिने. आणि आलेली वाईन मनासारखी नसली तर? परत कशी पाठवणार?

नेमकं तेच झालं. फ्रान्सच्या दक्षिणेला नीस आहे, तिथली वाईन त्यांना फार आवडायची. एका वर्षी आलेली त्यांना आयुष्यात चाखलेल्या वाईनांत सगळ्यात सुंदर वाटली. पुढच्या वर्षीची बरी होती. त्यानंतरची आली ती जराशी आंबट, आणि त्या आंबटपणाने नेहमीचा स्वाद मारून टाकलेला. आता ही तक्रार नीसमधल्या माणसाला कशी कळवायची? 'यंदाची चांगली नाही' म्हणून भागत नाही. त्याच्या जिभेवर ती चांगलीच असेल. म्हणून जेफरसन कागद घेऊन बसले आणि मे 1819 मध्ये त्यांनी एक पत्र लिहिलं. त्यात आधी शब्दांचे अर्थ आहेत आणि मग मागणी.

वर्गवारी अशी आहे. पहिल्या गोड वाईन. दुसऱ्या आंबट. तिसऱ्या 'ड्राय', म्हणजे ज्यांत गोडही नाही आणि आंबटही नाही. मराठीत शब्दशः 'कोरडी वाईन' म्हटलं की आपल्याला आधी ड्राय डे आठवतो, म्हणून मी तो शब्द तसाच ठेवतो. (हशा) आणि चौथ्या, ज्यांना ते 'सिल्की' म्हणतात, म्हणजे रेशमी. रेशमी म्हणजे काय? इथे जेफरसननी जे केलं त्याला मी मनापासून दाद देतो. ते म्हणतात, रेशमी म्हणजे ड्राय वाईनला गोडीचा पुसटसा हात लागलेला, जिभेला जेमतेम कळेल इतकाच. आणि मग उदाहरण देतात: आमच्याकडे रेशमी मदेरा मिळते ती ड्राय मदेरात थोडी गोड माम्झी मिसळून केलेली असते.

लक्षात आलं का? त्यांनी व्याख्येऐवजी कृती दिली. ज्याला शब्द कळला नाही त्याने दोन वाईन घ्याव्यात, एकात दुसरीचे चार थेंब टाकावेत आणि चाखून बघावं. समुद्रापलीकडच्या माणसालाही तीच चव तयार करता येईल. शिवाय प्रत्येक वर्गासाठी त्यांनी दोघांनाही ठाऊक असलेल्या वाईनांची नावं दिली: गोड म्हणजे फ्रोंतिन्याँसारखी, आंबट म्हणजे ऱ्हाईनकाठच्या वाईनसारखी. ज्याला आपण 'खुणेचा दगड' म्हणतो तसं. आमच्या आप्पांनी मिरचीचा देठ सांगितला, तोही हाच मार्ग. दोन्ही बाजूंना ठाऊक असलेली वस्तू मध्ये ठेवायची.

याच पत्रात 'रफ' किंवा 'अॅस्ट्रिंजंट' अशीही एक गुणवत्ता येते. इथे मराठी माणसाला जरा अभिमान वाटायला हरकत नाही, कारण आपल्याकडे त्याला साधा, घरगुती शब्द आहे, तुरट. जांभूळ खाल्लं की, कच्चं केळं चावलं की, पानात काथ जास्त पडला की जीभ आवळते ते. सहा रसांत कषाय पहिल्यापासून आहे, म्हणून आपल्याला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अर्थात फार फुशारकी नको. त्याच सहा रसांत कटु आहे आणि तिक्त आहे. आयुर्वेदातला कटु म्हणजे तिखट, मिरीसारखा. आणि तिक्त म्हणजे कडू, कडुनिंबासारखा. आपला 'कडू' शब्द आलाय कटुवरून, म्हणजे शब्द एका चवीवरून उठून दुसऱ्या चवीवर जाऊन बसला! जुना वैद्यकाचा श्लोक वाचून कुणी औषधाची चव कल्पायला गेला तर हमखास फसणार. घरातल्या घरात ही अवस्था, मग व्हर्जिनिया आणि नीस यांच्यात काय होत असेल.

पुढची काही दशकं मी झपाट्याने ओलांडतो. 1855 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्डोच्या दलालांनी मळ्यांची प्रसिद्ध प्रतवारी केली. आपल्या पीप्सची ओ-ब्रियाँ त्यात पहिल्या प्रतीत बसली. पण ही यादी चवीच्या वर्णनावर केलेली नव्हती. वर्षानुवर्षं कोणत्या मळ्याला काय भाव मिळतो, ते बघून केली होती. दलालाच्या भाषेत विशेषणं नसतात, आकडा असतो. बाजार समितीत कांद्याचा लिलाव पाहिला असेल त्यांना हे वेगळं सांगायला नको. हातात घेतला, दाबला, बोली लावली. आकड्याची भाषा ही अशी फार जुनी आहे. 1978 पासून रॉबर्ट पार्कर नावाच्या अमेरिकन वकिलाने वाईनला शंभरपैकी गुण द्यायला सुरुवात केली, त्याने मोठी क्रांती केली असं सांगतात. मला त्यात दलालाचाच आकडा दिसतो, फक्त तो आता गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलू लागला.

विशेषणांचा खरा बहर आला तो इंग्लंडात. जॉर्ज सेंट्सबरी हे एडिंबरा विद्यापीठात इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. 1920 मध्ये त्यांनी आपल्या तळघराच्या वहीवरून 'नोट्स ऑन अ सेलर-बुक' हे पुस्तक काढलं. पुस्तक छोटंसं, लोकप्रिय झालं. त्यात 1846 सालच्या एका एर्मिताज वाईनला त्यांनी सगळ्यात मर्दानी फ्रेंच वाईन ठरवलंय. आता मर्दानी वाईन म्हणजे काय हो? तुरट? दाट? कडक? सांगता येत नाही, पण वाचताना मजा येते. साहित्याचा प्राध्यापक वाईनवर लिहितो तेव्हा तो वाईनची समीक्षा करतो, आणि समीक्षेत 'ओजस्वी', 'प्रासादिक' हे शब्द जसे चालतात तसे इथेही चालले. 1931 मध्ये त्यांच्या नावाने लंडनमध्ये क्लब निघाला. जेवायचं, प्यायचं आणि त्यावर सुरेख बोलायचं. टिंगल करायचा माझा हेतू नाही, अशा बोलण्यात एक जिव्हाळा असतो. पण या भाषेने नीसहून माल मागवता आला नसता.

हे फारच हवेत चाललंय, असं वाटणारी माणसं कॅलिफोर्नियात होती. डेव्हिसच्या विद्यापीठात द्राक्षं आणि वाईन यांचा शास्त्रीय अभ्यास करणारा विभाग आहे. तिथे 1974 मध्ये अॅन नोबल नावाच्या संशोधक रुजू झाल्या, त्या विभागात प्राध्यापक म्हणून नेमलेल्या पहिल्या स्त्री. विद्यार्थ्यांना वास ओळखायला शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांच्या लक्षात आलं की मुलांची नाकं ठीक आहेत, अडचण आहे ती शब्दांची. एकाच वासाला प्रत्येक जण वेगळं नाव देतो.

मग त्यांनी काय केलं? स्वयंपाकघरातली बाई करील तेच केलं. साधी, विशेष वास नसलेली वाईन पेल्यांत ओतली आणि एकेका पेल्यात एकेक जिन्नस टाकला. एकात लवंग. एकात ढोबळी मिरचीचा तुकडा. एकात काळी मिरी, एकात व्हॅनिला, एकात लोणी, एकात डबाबंद शतावरीच्या कोंबांतलं पाणी. विद्यार्थ्याने आधी हे पेले हुंगायचे, नाव पाठ करायचं, मग समोरची वाईन हुंगायची. जेफरसननी माम्झीचे थेंब सांगितले होते, तोच रस्ता. पुढे 1984 मध्ये हे सगळे शब्द त्यांनी एका चक्रात मांडले. आत बारा ढोबळ गट, म्हणजे फळांचा, फुलांचा, मसाल्याचा, मातीचा, लाकडाचा वगैरे, आणि बाहेरच्या कड्यांत नेमके वास. त्यात गुलाब आहे, मध आहे, तसा ओला कुत्रा आहे, जळलेली काडी आहे, घासलेटही आहे. काय नाही, तेही सांगतो. सुरेख, डौलदार, मर्दानी, यांतला एकही शब्द नाही. जो वास पेल्यात टाकून दाखवता येत नाही त्याला चक्रात जागा नाही, असा तो कडक नियम.

ढोबळी मिरचीचं एक सांगायचं राहिलं. तिचा तो हिरवट वास ज्या द्रव्याचा, त्याच जातीचं द्रव्य सोव्हिन्यॉन ब्लाँच्या द्राक्षात असतं. रसायनशास्त्रात त्याला मेथॉक्सिपायरेझीन म्हणतात. म्हणजे आप्पांनी काढली ती नुसती उपमा नव्हती. पेल्यात मिरचीतलं काहीतरी खरोखर होतं.

इथपर्यंत ऐकून वाटेल की प्रश्न सुटला. नाही सुटला.

त्याच सुमारास अॅरिझोनात एड्रियन लेहरर नावाच्या भाषाशास्त्रज्ञ बाई एक वेगळं काम करत होत्या. त्यांना वाईनपेक्षा वाईनवरच्या गप्पांत रस होता. त्यांनी हौशी लोकांचे गट जमवले आणि साधा खेळ लावला. एकाने वाईनचं वर्णन करायचं, दुसऱ्याने ते वर्णन घेऊन समोरच्या पेल्यांतून तीच वाईन ओळखायची. चव खरंच शब्दांतून पोचत असेल तर हे जमायला हवं. 1983 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. निकाल असा की हौशी मंडळींचं यश डोळे मिटून अंदाज ठोकण्यापेक्षा फारसं बरं नव्हतं. आणि तरीही गप्पा रंगत होत्या! लोक एकमेकांना दुजोरा देत होते, माना डोलावत होते. लेहरर बाईंनी त्यावरून हौशांना मूर्ख ठरवलं नाही. त्यांचं म्हणणं असं की अशा बैठकीत शब्दांचं काम फक्त माहिती पोचवण्याचं नसतं, सोबत एक अनुभव घेतला याची ती खूण असते. मैफलीत आपण 'क्या बात है' म्हणतो तेव्हा शेजाऱ्याला रागाची माहिती थोडीच देत असतो?

हे मला पटतं. पण दुजोऱ्याची ही सवय महागातही पडू शकते. आता तीन प्रसंग सांगतो.

पहिला पॅरिसचा, 24 मे 1976. स्टीव्हन स्परियर हा पॅरिसमध्ये दुकान चालवणारा इंग्रज. त्याने नऊ फ्रेंच जाणकारांना बोलावून फ्रान्स आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन नाव झाकून चाखायला दिल्या. पांढऱ्यांत आणि लालमध्ये, दोन्हीकडे पहिली आली कॅलिफोर्नियाची. निकाल सगळ्यांना माहीत आहे. मला त्याहून मोलाचं वाटतं ते चाखताना चाललेलं बोलणं. 'टाइम'चा वार्ताहर जॉर्ज टेबर तेवढा तिथे हजर होता, त्याने ते टिपून घेतलं. एका परीक्षकाने कॅलिफोर्नियाची वाईन चाखली आणि हायसं वाटून जाहीर केलं की आता आपण फ्रान्सला परतलो. दुसऱ्याने बर्गंडीची नामांकित वाईन हुंगून सांगितलं की ही नक्की कॅलिफोर्नियाची, हिला वासच नाही. शेवटी परीक्षकांपैकी ओदेत कान या संपादिकाबाईंनी आपला गुणांचा कागद परत मागितला. स्परियरने दिला नाही. पीप्सची नोंद लघुलिपीत सुखरूप होती. बाईंची चारचौघांत आली.

दुसरा प्रसंग बोर्डोचा. तिथल्या विद्यापीठात फ्रेडरिक ब्रोशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाईनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना एक पांढरी आणि एक लाल वाईन देऊन वासाचे शब्द लिहून घेतले. पांढरीला लिंबू, मध, पांढरी फुलं. लालला चेरी, मिरी, काळी फळं, असे नेहमीचे शब्द आले. काही दिवसांनी पुन्हा दोन पेले दिले. या वेळी दोन्हींत तीच पांढरी वाईन होती, फक्त एकीत वास नसलेला लाल रंग मिसळला होता. त्या रंगवलेल्या पांढरीला विद्यार्थ्यांनी लाल वाईनचे शब्द लावले. 2001 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि वर्तमानपत्रांनी 'तज्ज्ञांची फजिती' म्हणून नाचवलं. मला तो अन्याय वाटतो. एक म्हणजे ते विद्यार्थी होते. दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं, डोळा आधी सांगून मोकळा होतो आणि नाक त्याला दुजोरा देतं, हे कुणाच्याही बाबतीत घडेल. पिवळ्या सरबताला आपण न चाखता लिंबाचंच समजतो की नाही?

आणि तिसरा प्रसंग, ज्यासाठी मी जेफरसनचं पत्र इतकं लांबवलं.

5 डिसेंबर 1985. लंडनमध्ये ख्रिस्तीज या लिलावघरात एक बाटली विक्रीला आली. हाताने फुंकलेली जुनी काच, त्यावर कोरलेलं 1787, 'लाफित' आणि 'थ. ज.' ही अक्षरं. थॉमस जेफरसन. हार्डी रोडेनस्टॉक या जर्मन संग्राहकाने ती आणली होती. पॅरिसमधल्या एका घराच्या भिंतीने बंद केलेल्या तळघरात अशा बाटल्यांचा साठा सापडला, असं तो सांगायचा. घर कुठलं, ते त्याने कधीच सांगितलं नाही. लिलाव पुकारणारे मायकेल ब्रॉडबेंट हे त्या काळातले सगळ्यात अनुभवी चाखणारे. 1952 पासून प्रत्येक वाईनची नोंद छोट्या वह्यांत ठेवणारे. बाटली 1,05,000 पौंडांना गेली. घेतली अमेरिकेच्या फोर्ब्ज कुटुंबाने. त्यांनी ती प्रदर्शनात दिव्याखाली ठेवली, उष्णतेने बूच सुकलं आणि घसरून आत वाईनमध्ये पडलं! त्या लाखमोलाच्या वाईनची चव घेण्याआधीच हा कारभार.

त्याच साठ्यातल्या इतर बाटल्या मात्र फोडल्या गेल्या, चाखल्या गेल्या, आणि त्यांवर आदराने लिहिलं गेलं. रोडेनस्टॉक मोठमोठ्या मैफली भरवायचा, निवडक जाणकारांना बोलावून, दिवसच्या दिवस चालणाऱ्या. 1998 मध्ये म्युनिकला एकट्या इकेमच्या 125 वेगवेगळ्या सालांच्या वाईन चाखायला ठेवल्या होत्या. आता विचार करा. 1787 ची वाईन कशी लागते, हे जगात किती जणांना ठाऊक असणार? जे कुणी सांगू शकत होते, त्यांतल्या बऱ्याच जणांनी ती याच माणसाच्या टेबलावर चाखलेली. म्हणजे पुढची बाटली खरी का, हे ठरवायचं ते आधीच्या नोंदींवरून, आणि आधीच्या नोंदी त्याच झऱ्याच्या! खुणेचा दगडच हलवलेला असेल तर वाटसरू काय करणार? आणि त्यात भर म्हणून बोलावणं, मानपान, शेजारी बसलेले दिग्गज माना डोलावतायत. अशा टेबलावर 'मला ही जरा अलीकडची वाटते' असं म्हणायला केवढं धैर्य लागत असेल.

चाखणाऱ्यांना शंका आली नाही असं नाही, पण खरा अडथळा आला तो कागदाचा. माँटिचेलोच्या संशोधकांनी सुरुवातीपासून सांगितलं होतं की जेफरसननी पैन् पैचा हिशेब ठेवला, त्यात या बाटल्या कुठेही दिसत नाहीत. बिल कोक या उद्योगपतीने 1988 मध्ये अशा चार बाटल्या सुमारे पाच लाख डॉलर्सना घेतल्या होत्या. 2005 मध्ये बॉस्टनच्या संग्रहालयात त्या मांडायच्या ठरल्या, तेव्हा त्यांचा पूर्वेतिहास तपासायची वेळ आली आणि काहीच हाती लागेना. कोकने तपासनीस लावले. त्याच्या तज्ज्ञांचा निष्कर्ष असा निघाला की काचेवरची अक्षरं विजेच्या हत्याराने कोरलेली आहेत. खटला झाला. रोडेनस्टॉकने अमेरिकी न्यायालयाचा अधिकारच मान्य केला नाही, आणि 2018 मध्ये मरेपर्यंत आरोपही नाकारले.

ज्या माणसाने 'रेशमी' शब्दाची कृती लिहून पाठवली, त्याच्याच नावाच्या बाटल्या. या योगायोगाचं मला अजून आश्चर्य वाटतं.

वेळ होत आली. एकच गोष्ट आणखी. नाकाला भाषा नाही, वास शब्दांत सांगताच येत नाहीत, असं पुष्कळ विद्वान लिहून गेलेत. 2014 मध्ये आसिफा मजीद आणि निक्लस बुरेनहुल्ट या भाषाशास्त्रज्ञांनी मलाय द्वीपकल्पातल्या जंगलात राहणाऱ्या जहाई लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही माणसं वासांची नावं रंगांइतक्या सहज सांगतात, आणि एका वासाला बहुतेक जण एकच नाव देतात. इंग्रजी बोलणाऱ्यांना त्याच कसोटीत तसं जमलं नाही. त्यांच्याकडे वासासाठी स्वतंत्र शब्द आहेत, 'लिंबासारखा', 'केळ्यासारखा' अशी वस्तूची टेकू लागत नाही. आपल्या मराठीतही असे काही आहेत. खवट, कुबट, खमंग, करपट, उग्र, आंबूस. बूच खराब झालेल्या वाईनला बंद खोलीतल्या ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. आप्पांनी एकदा अशी बाटली हुंगून नुसतं 'कुबट' म्हटलं आणि बाजूला सारली.

आमचा नाशिकचा गट आता छापील कागद वापरत नाही. दर बैठकीला एक जण घरून तीन-चार झाकणाच्या वाट्या आणतो. कैरीची साल, सुकं खोबरं, लवंग, चिंचेचा कोळ, एकदा तर तव्यावर मुद्दाम करपवलेला गूळ. सगळ्यांनी हुंगायचं, नाव ठरवायचं, वहीत लिहायचं. वहीची पहिली तीन पानं भरलीत. गेल्या खेपेला 'तुरट' या एका शब्दावरून बैठक मोडायची वेळ आली, कारण डॉक्टरांच्या मते जांभळाचा तुरटपणा वेगळा आणि सुपारीचा वेगळा, आणि आप्पा म्हणतात, सुपारी वहीत घालायची तर आधी ओली की भाजकी ते ठरवा.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.